जुनी जीप, नवा गिअरबॉक्स: मराठवाड्यातल्या एका कसबाचा इतिहास

जुन्या जीपचा गिअरबॉक्स बदलला की तिचा अस्सलपणा गेला, असं ठामपणे सांगणारे लोक आता जुन्या गाड्यांच्या प्रत्येक मेळाव्यात भेटतात. चेसिसवरचा क्रमांक, इंजिनवरचा ठसा आणि कारखान्यातून निघालेला प्रत्येक सुटा भाग जसाच्या तसा असेल तरच ती गाडी वारसा म्हणून जपण्याच्या लायकीची, असा त्यांचा निकष असतो. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या जीपला हा निकष लावला तर हाती फारसं काही उरत नाही. जी जीप पन्नास-साठ वर्षं इथल्या रस्त्यांवर आणि रस्ते नव्हते तिथे चालली, ती वेळोवेळी इंजिन आणि गिअरबॉक्स बदलत आली म्हणून चालली. अशा जीपमध्ये नव्या काळातला चार किंवा पाच गिअरचा बॉक्स बसवणं म्हणजे तिच्या इतिहासाची मोडतोड, हे मला मान्य नाही. तो त्या इतिहासाचाच पुढचा टप्पा आहे, आणि तो बॉक्स बसवण्याचं कसब जीपइतकंच जपण्याजोगं आहे.

सुरुवात मुंबईत झाली. १९४५ साली महिंद्र अँड मोहंमद या नावाने कंपनी उभी राहिली आणि १९४७ पासून तिने विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-३बी हे मॉडेल भारतात स्थिरावलं. अमेरिकेत ते १९५३ मध्ये आलं आणि १९६८ मध्ये बंद झालं, आपल्याकडे मात्र त्याच सांगाड्याचे वंशज कित्येक दशकं बनत राहिले. त्या जीपमध्ये हरिकेन नावाचं २,१९९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि त्यामागे टी-९० हा तीन गिअरचा बॉक्स असे. मराठवाड्यात ही जीप आली ती मुख्यतः सरकारी गाडी म्हणून. निजामाच्या राज्यात १९३२ पासून सरकारी बस धावत होती आणि नांदेडला मीटरगेज, लातूरला बार्शी लाइटची नॅरोगेज पोहोचली होती. पण स्टेशन आणि हमरस्ता सोडला की काळ्या मातीतून जाणारी गाडीवाट सुरू होई. १९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झालं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. तहसीलदार, गटविकास अधिकारी, पाटबंधारे खातं, कुटुंबनियोजनाचा प्रचार, निवडणुकीची पथकं, सगळ्यांच्या दिमतीला जीप आली. कंधार, मुखेड, अहमदपूर, निलंग्याच्या खेड्यांतल्या लोकांना सरकार दिसलं ते बऱ्याचदा जीपमधून उतरताना. या जीप खात्यातून बाद झाल्या की लिलावात निघत आणि खाजगी मालकांकडे जात. त्यांचा दुसरा जन्म तिथे सुरू होई.

या दुसऱ्या जन्मात टी-९०च्या मर्यादा लगेच जाणवत. त्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला वेग आपोआप जुळवणारा सिंक्रोमेश होता, पहिल्याला नव्हता. म्हणजे चढावर गाडीचा जोर संपला आणि पहिल्यात टाकायची वेळ आली, तर एक तर गाडी पूर्ण थांबवायची किंवा डबल क्लच मारून इंजिनाचा आणि गिअरचा वेग अंदाजाने जुळवायचा. माहूरच्या घाटात प्रवासी भरलेली जीप चढताना हे जमलं नाही तर दात खडखडत आणि पुढे झिजत. दुसरी अडचण दोन गिअरमधल्या अंतराची. पहिल्याचं गुणोत्तर २.८ च्या आसपास, दुसऱ्याचं १.५५ आणि तिसरा सरळ. पावसाळी चिखलात पहिला पुरेसा खोल नाही आणि डांबरी रस्त्यावर तिसऱ्यात इंजिन ओरडतंय, अशी दोन्हीकडून कुचंबणा. त्यातच १९७३ नंतर पेट्रोल परवडेना. जीप ठेवायची तर तिच्यात डिझेल इंजिन बसवणं भाग झालं आणि डिझेलने तर गिअरबॉक्सचा प्रश्न आणखी तीव्र केला. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच जोर देतं, पण वरच्या फेऱ्यांना लवकर दमतं. त्याच्या कामाचा पट्टा अरुंद असतो आणि अरुंद पट्ट्याला तीन गिअर पुरत नाहीत.

या साऱ्यात आधी बदल केला तो खुद्द कंपनीने, ही गोष्ट अस्सलपणाच्या चर्चेत हमखास विसरली जाते. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने महिंद्रने १९६३ मध्ये स्थापन केलेल्या ट्रॅक्टर कंपनीचा बी-२७५ हा ट्रॅक्टर शेतकऱ्यांच्या ओळखीचा होता. त्याच घराण्यातलं २,३५० सीसीचं डिझेल इंजिन सत्तरच्या दशकात जीपमध्ये आलं. हरिकेन इंजिन उंच असल्यामुळे सीजे-३बीचं बॉनेट उंच घडवलं होतं, त्याच बॉनेटखाली आता ट्रॅक्टरचं हृदय बसलं. ऐंशीच्या दशकात इगतपुरीच्या कारखान्यात प्यूजोचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन बनू लागलं. त्याच्या जोडीला केएमटी-९० हा चार गिअरचा बॉक्स आला, सगळे गिअर सिंक्रोमेशचे. त्यानंतर प्यूजोचंच २,४९८ सीसीचं इंजिन आणि बीए-१० हा पाच गिअरचा बॉक्स आला. २०१० च्या थारपर्यंत हाच क्रम चालला. अंगकाठी जुन्या जीपची, आतली यंत्रणा त्या त्या काळाची. मोटारींच्या बाजूलाही असंच घडलं. भारतातली मसल कार म्हणून जिचं नाव आजही घेतलं जातं ती कॉन्टेसा १९८४ मध्ये आली तेव्हा तिच्या भल्यामोठ्या शरीरात १,४८९ सीसीचं जुनं इंजिन आणि चार गिअर होते. इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स मिळाल्यावरच ती तिच्या रूपाला शोभेल अशी चालली. पुढे ॲम्बेसेडरलाही तीच इसुझूची जोडी मिळाली. कारखान्याने केलं तर सुधारणा आणि गॅरेजने केलं तर भ्रष्टता, असा भेद करायला तांत्रिक आधार काहीच नाही.

गॅरेजमधलं हे काम वरवर पाहणाऱ्याला ठोकाठोक वाटतं, प्रत्यक्षात ते मापाचं काम आहे. नवा बॉक्स इंजिनाला जोडताना बेल हाऊसिंगची भोकं जुळत नाहीत, तेव्हा मध्ये ॲडॉप्टर प्लेट घडवावी लागते. तिचं मधलं भोक क्रँकशाफ्टच्या मध्याशी एकरेषेत आलं नाही, तर क्लच सोडताना गाडी थरथरते आणि इनपुट शाफ्टचं बेअरिंग काही महिन्यांत जातं. शाफ्टच्या टोकाला पायलट बेअरिंगचा बुश लेथवर नव्या मापाचा कातावा लागतो. क्लच प्लेट अशी शोधावी लागते, की तिचे स्प्लाइन नव्या बॉक्सचे आणि बाहेरचा व्यास जुन्या फ्लायव्हीलचा. जीपमध्ये आणखी एक पेच असतो. पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या तिच्या ट्रान्सफर केसचं तोंड गाडीच्या मध्यावर नसून उजवीकडे सरकलेलं असतं आणि मागचा डिफरन्शियलही त्याच बाजूला. त्यामुळे मधल्या रेषेत शाफ्ट देणारा कुठलाही बॉक्स उचलून चालत नाही. नव्या बॉक्सची लांबी बदलली की मागचा शाफ्ट कापायचा, पुढचा वाढवायचा, दोन्ही पुन्हा बॅलन्स करायचे, क्रॉस मेंबर सरकवायचा आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या जॉइंटचे कोन सारखे ठेवायचे. हे सगळं मिस्त्री, टर्नर आणि वेल्डर मिळून करतात. त्याचा नकाशा क्वचितच कागदावर असतो.

त्यातून मिळतं काय, हे आकड्यांत सांगता येतं. जुन्या जीपच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ५.३८ आणि ६.००-१६ टायरचा घेर सुमारे सव्वादोन मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ४४४ फेऱ्या मारतं, म्हणजे सरळ टॉप गिअरमध्ये इंजिन सुमारे २,४०० फेऱ्या मारतं. पाचवा गिअर समजा ०.८५ गुणोत्तराचा असेल, तर त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या २,००० च्या जवळ येतात. नांदेड ते लातूर सव्वाशे किलोमीटरच्या पुढच्या प्रवासात हा फरक डिझेलमध्ये, झिजेत आणि चालवणाऱ्याच्या डोक्याला बसणाऱ्या आवाजात दिसतो. अमेरिकेत साठच्या दशकातल्या मस्टँग-कॅमॅरोत पाच-सहा गिअरचे बॉक्स बसवणारे लोक अगदी हेच गणित मांडतात. त्यांच्या आवडीचा टी-५ हा बॉक्स मुळात बोर्ग-वॉर्नरचा आणि आपल्या जीपमधला टी-९०देखील त्याच घरचा. फरक हेतूचा आहे. तिकडे हा बहुतांशी छंद आहे, इकडे तो पोटापाण्याचा भाग होता.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की सगळेच बदलत सुटले तर मूळ जीप कशी होती हे पुढच्या पिढीला कळणार कसं? हा आक्षेप रास्त आहे. जिच्या इंजिन-गिअरबॉक्सला आजवर कुणी हात लावलेला नाही अशी जीप सापडली, तर ती तशीच ठेवावी, याबद्दल दुमत नको. पण लिलावातून आलेल्या, दोनदा इंजिन बदललेल्या जीपमध्ये शोधून आणलेला टी-९० बसवून तिला १९६० सालची म्हणणं हा इतिहास नव्हे, देखावा आहे. मनमाड-सिकंदराबाद मार्ग १९०० साली मीटरगेज म्हणून सुरू झाला आणि पुढे ब्रॉडगेज झाला. लातूरची नॅरोगेजही तशीच गेली. म्हणून त्या मार्गांचा इतिहास संपला असं कुणी म्हणत नाही, रुंदीकरण हे त्यातलंच एक प्रकरण होतं. जीपचंही तसंच.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आणि तो सर्वांत गंभीर आहे. पाच गिअरमुळे जीप जास्त पळते, पण तिचे ड्रम ब्रेक, पाटे आणि स्टिअरिंग जुन्याच वेगासाठी बनलेले आहेत. प्रवासी कोंबून धावणाऱ्या जीपचे अपघात या भागाने पुरेसे पाहिले आहेत. यावर माझं उत्तर असं, की नवा बॉक्स वेग वाढवण्यासाठी नसून त्याच वेगाला इंजिनाचा ताण कमी करण्यासाठी आहे. ज्याला वेग हवा, त्याने आधी ब्रेक आणि स्टिअरिंग सुधारावं. हा क्रम उलटा करणारा मिस्त्री चांगला नव्हे, मग त्याची वेल्डिंग कितीही सुबक असो. तिसरा आक्षेप कायद्याचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूलभूत वैशिष्ट्यांत बदल करायला मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचलं. २०२१ च्या व्हिंटेज नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना वेगळी नोंदणी दिली, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल नको, अशी अट घातली. या यादीत गिअरबॉक्सचं नाव घेतलेलं नाही. मात्र गिअरबॉक्ससोबत डिझेल इंजिन आलेल्या मराठवाड्यातल्या बहुतेक जीप या दारातून आत जाऊ शकत नाहीत. नियम मोडावा असं मी म्हणत नाही, परवानगी घेऊनच काम व्हावं. पण ज्या नियमात या प्रदेशातली खरी जीप बसतच नाही, तो नियम वारशाची व्याख्या अपुरी करतो, हे म्हटलंच पाहिजे.

म्हणून जुन्या जीपची पारख तीन गोष्टींवर व्हावी. बदल मापात झाला आहे का, चेसिस न कापता तो परत फिरवता येतो का, आणि काय कधी बदललं याची नोंद गाडीबरोबर आहे का. काढलेला बॉक्स भंगारात न देता जपून ठेवावा, ॲडॉप्टर प्लेटचं रेखाचित्र कागदावर उतरवावं आणि ते घडवणाऱ्या कारागिराचं नाव त्यावर लिहावं. जुन्या गाड्या जपणाऱ्या संस्थांनी आणि आयटीआयच्या मोटार मेकॅनिक विभागांनी ही कागदपत्रं गोळा करायला सुरुवात केली, तर मुंबईच्या कारखान्यात सुरू झालेल्या आणि नांदेड-लातूरच्या गॅरेजांत पूर्ण झालेल्या या इतिहासाची दुसरी बाजूही लिहिली जाईल. केवळ कारखान्याचे ठसे तपासत राहिलो, तर ती कायमची निसटेल.