हिंडलग्याच्या भिंतीआड

आमच्या शहापुरातली वडीलधारी माणसे हिंडलग्याच्या तुरुंगाचे नाव घेत ते अभिमानाने. १९५० साली सावरकर तिथे स्थानबद्ध होते; पुढे सीमासत्याग्रहींनी तिथलीच भाकरी खाल्ली. इतिहासाच्या तासाला मीही मुलांना एवढेच सांगत आलो. तिथे फाशीचे कैदीही असतात, हे आपण सोयीने विसरतो.

असाच एक कैदी बी. ए. उमेश. १९९८ साली बेंगळुरूत त्याने एका स्त्रीवर बलात्कार करून तिचा खून केला. तिचा सात वर्षांचा मुलगा घरी आला तेव्हा त्याला काय दिसले, ते निकालपत्रात वाचताना मी मध्येच थांबलो. २००६ साली उमेशला फाशीची शिक्षा झाली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, २०१३ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला.

पण २००६ पासूनच त्याला एकान्तकोठडीत टाकले होते. वास्तविक सुनील बात्रा खटल्यात १९७८ सालीच सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की, अपील आणि दयेचा अर्ज या वाटा बंद होईपर्यंत फाशीच्या कैद्याला असे एकटे कोंडता येत नाही. म्हणजे पहिली सात वर्षे कायद्याबाहेरचीच! कोठडी पुढे २०१६ पर्यंत चालली. दरम्यान २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालाने मनोविकार आणि एकान्तवास ही फाशी रद्द करण्याची कारणे ठरू शकतात, हे मान्य केले होते.

उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उमेशची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ४ नोव्हेंबर २०२२ रोजी. सोलापुरात जन्मलेले सरन्यायाधीश उदय लळीत यांच्या निवृत्तीला तेव्हा चारच दिवस उरले होते. दयेच्या अर्जाला उशीर झाला, हे म्हणणे त्यांच्या पीठाने मानले नाही. एकान्तवासाने कैद्याच्या प्रकृतीवर झालेला परिणाम मात्र मानला. फाशीची जन्मठेप झाली. किमान ३० वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सुटकेच्या अर्जाचा विचारही नाही.

मी हे शिक्षकांच्या खोलीत सांगितले तेव्हा एक सहकारी म्हणाले, "सर, त्या मुलाला विचारले का कोणी?" मला उत्तर देता आले नाही. निकाल योग्यच होता असे मी आजही म्हणतो, आणि त्या प्रश्नाला उत्तर आजही माझ्याजवळ नाही.

त्या दहा वर्षांत आमच्या शाळेची सहल हिंडलग्यावरूनच आंबोलीला जाई. बसमधून तुरुंगाच्या दिशेने बोट करून मी मुलांना सावरकरांचे नाव सांगत असे.