एक रेघ सरकली, आणि गाढी बचावली

आजचा भाग विचुंब्यातून. घरापासून पाच मिनिटांवर गाढी नदी आहे, आणि आजची गोष्ट तिचीच.

झालं असं, की मी ऑटोकॅडचा क्लास लावलाय. बाकीचे टू-बीएचकेचे प्लॅन काढत होते, मी म्हटलं आपण नदी काढू. खाली सॅटेलाइट इमेज लावली आणि माथेरानच्या डोंगरातून निघणारी गाढी पनवेलच्या खाडीपर्यंत गिरवायला बसलो. वळणंच वळणं! कंटाळून चार-पाच सरळ करून टाकली. सरांनी स्क्रीन पाहिली आणि एवढंच विचारलं, "ही वळणं गेली कुठे?"

मग मी जरा मागे जाऊन शोधायला लागलो.

1963 मध्ये अमेरिकेत एमआयटीत इव्हान सदरलंड नावाच्या विद्यार्थ्याने 'स्केचपॅड' बनवलं. पडद्यावर लाइट पेनने रेघ मारायची, आणि सांगितलं की कॉम्प्युटर ती समांतर किंवा काटकोनात करून देणार. 1982 मध्ये ऑटोकॅड आलं आणि हीच सोय साध्या पीसीवर मिळाली. सरळ रेघ एकदम स्वस्त झाली.

पण नद्या सरळ करायचा सोस त्याआधीचा. फ्लोरिडातली किसिमी नदी 1960 च्या दशकात पूर रोखायला म्हणून कालवा करून टाकली. सुमारे 166 किलोमीटरची नदी 90 किलोमीटरवर आली. काठची पाणथळ जमीन सुकली, पक्षी गेले. मग 1999 पासून तोच कालवा बुजवून जुनी वळणं परत आणायला घेतली. ते काम 2021 पर्यंत चाललं!

असं का होतं? साधं आहे. डोंगर ते खाडी उंचीतला फरक तोच राहतो. लांबी कमी केली की उतार वाढतो, पाणी जोरात धावतं. वर काँक्रीटच्या भिंती घातल्या तर दगड-झाडोऱ्याची अडवणूकही संपते. पाणी खालच्या गावात लवकर पोचतं. आणि तेव्हाच खाडीला भरती असेल तर? पाणी जाणार कुठे?

हे मुंबईने भोगलंय. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदी विमानतळापाशी काटकोनात वळवलेली, काठ बांधकामांनी आवळलेले. नकाशावर नीट दिसणारी नदी त्या दिवशी घराघरांत शिरली.

आता आपल्याकडे या. नवी मुंबई विमानतळाच्या मूळ आराखड्यात उलवे आणि गाढी, दोन्ही नद्या वळवायच्या होत्या. पर्यावरण मंजुरीच्या वेळी बराच वाद झाला. 2010 मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा दोन धावपट्ट्यांमधलं अंतर कमी केलेलं होतं आणि गाढी वळवायची गरज उरली नव्हती. उलवे मात्र वळवली गेली. म्हणजे बघा, कागदावरची एक रेघ थोडी आत सरकली आणि एक नदी आपल्या जागी राहिली.

तेव्हापासून माझ्यासाठी रेघ ही नुसती रेघ उरलेली नाही. मी फाइल पुसून पुन्हा सुरू केली. या वेळी आधी काठाने चाललो. कुठे डोह आहे, कुठे भराव पडलाय, ते वहीत लिहिलं. आता हेक-रास शिकतोय. अमेरिकी लष्कराच्या इंजिनियरांचं हे सॉफ्टवेअर 1995 पासून फुकट मिळतं. नदीचे आडवे छेद द्यायचे, किती पाणी येणार ते द्यायचं, की पातळी कुठवर चढेल ते दाखवतं.

आणि हो, परवा बाबा एका नव्या बिल्डिंगचं ब्रोशर घेऊन आले. "रिव्हर व्ह्यू आहे रे, बुक करूया का?" मी म्हटलं, "बाबा, आधी पूररेषेचा नकाशा बघू." निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. बिल्डिंग कुठल्या रेषेच्या आत आहे, हे ब्रोशरमध्ये कुठेच नव्हतं.

बाबा थोडे चिडले. पण बुकिंग थांबलंय.

तुमच्या घराजवळच्या ओढ्याचं मूळ वळण कुठे होतं? घरातल्या आजी-आजोबांना एकदा विचारा. भेटू पुढच्या भागात!