निदान, शुश्रूषा आणि संशोधन : मुंबई इलाख्यातील प्लेगच्या साथीत चिकित्सकांची भूमिका (१८९६–१९०७)

प्रस्तावना

चिकित्सकाच्या व्यवसायात तीन कर्तव्ये अंतर्भूत असतात. रोग ओळखणे हे पहिले, रोग्याची काळजी घेणे हे दुसरे आणि रोगाविषयीच्या ज्ञानात भर घालणे हे तिसरे. सामान्य काळात ही तिन्ही कर्तव्ये एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की त्यांचा वेगळा विचार करण्याची गरज भासत नाही. साथीच्या काळात मात्र ती वेगवेगळ्या व्यक्तींच्या आणि संस्थांच्या हाती जातात. मग त्यांना जोडणारा धागा कोणता आणि तो तुटला तर काय होते, हे स्पष्ट दिसू लागते. १८९६ साली मुंबईत उद्भवलेली व पुढे पुण्यासह देशभर पसरलेली प्लेगची साथ हे याचे ठळक उदाहरण होय.

या साथीचा विचार मराठीत बहुधा राजकीय अंगाने झाला आहे. रँडचा वध, चापेकर बंधूंचे बलिदान आणि लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचा खटला या घटना इतिहासात ठसल्या, हे स्वाभाविकच होते. तथापि याच काळात डॉक्टरांनी काय केले, त्यांना कोठे यश आले आणि कोठे अपयश आले, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. प्रस्तुत निबंधात निदान, शुश्रूषा व संशोधन या तीन अंगांनी त्याचा विचार केला असून, रोग्याचा विश्वास हाच या तिन्हींना जोडणारा दुवा होता, असे प्रतिपादन केले आहे.

१. निदान : मांडवीतील दवाखाना

१८९१ च्या जनगणनेनुसार मुंबई शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. गोदीला लागून असलेला मांडवी हा भाग धान्याची कोठारे, दाट चाळी आणि कोंदट गल्ल्या यांनी भरलेला होता. तेथे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा दवाखाना होता. गोव्यातील हडफडे येथे १८५६ साली जन्मलेले व्हिएगस मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि याच शहरात त्यांनी व्यवसाय केला. ते महानगरपालिकेचे सदस्यही होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये त्यांच्याकडे तीव्र ज्वर, ग्लानी आणि जांघेत किंवा काखेत सुजलेली गाठ अशा लक्षणांचे रुग्ण येऊ लागले. त्या काळी शहरात तापाने मरणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी असे, त्यामुळे असा एखादा मृत्यू ‘ताप’ या सदरात नोंदला जाऊन विस्मरणात जाणे सहज शक्य होते. परंतु व्हिएगस यांनी लक्षणांची संगती लावली आणि २३ सप्टेंबर १८९६ रोजी महानगरपालिकेच्या स्थायी समितीत मांडवीमध्ये गाठीचा प्लेग आला असल्याचे सांगितले.

या निदानासाठी केवळ वैद्यकीय ज्ञान पुरेसे नव्हते. प्लेग हा शब्द उच्चारताच बंदराचा व्यापार, जहाजांची ये-जा आणि शहराची पत धोक्यात येणार होती. १८९७ च्या प्रारंभी व्हेनिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेचा मुख्य विषय हिंदुस्थानातील प्लेग हाच होता, यावरून त्या शब्दाचे वजन ध्यानात येते. प्रारंभी या निदानावर शंका घेतली गेली. ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने वाल्देमार हाफकिन यांना मुंबईस पाठविले. १८९४ साली हाँगकाँग येथे येर्सिन व किटासाटो यांनी प्लेगच्या जंतूचा शोध लावला होता. त्या जंतूचे अस्तित्व मुंबईतील रुग्णांतही सिद्ध झाले आणि व्हिएगस यांचे निदान अचूक ठरले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सूक्ष्मदर्शकाने निदानाला दुजोरा दिला, परंतु ते प्रथम केले ते वस्तीत बसणाऱ्या आणि रुग्णांच्या घरी जाणाऱ्या डॉक्टरने. रुग्ण त्याच्याकडे आपण होऊन येत होते, म्हणूनच रोग त्याला दिसला.

२. शुश्रूषा : सक्ती आणि सेवा

निदान झाल्यानंतर रोग्याची काळजी घेण्याचा प्रश्न आला आणि येथेच चित्र पालटले. ऑक्टोबर १८९६ मध्ये पालिका आयुक्तांनी रुग्णांना घरातून हलवून रुग्णालयात नेण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा संमत झाला. त्यानंतर घरांची झडती, रुग्णांचे विलगीकरण, सामानाची जाळपोळ आणि रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची अंगतपासणी यांना कायद्याचे पाठबळ मिळाले. स्त्रियांच्या काखेतील व जांघेतील गाठी परक्या पुरुषांनी तपासणे हा प्रकार लोकांना असह्य वाटला.

रुग्णालय म्हणजे मरणाचे दार, अशी समजूत पसरली. तेथे रोग्यांना मारून त्यांच्या देहातून मोमियाई काढतात, अशा अफवाही उठल्या. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडवरील साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. या अफवांची केवळ अज्ञान म्हणून संभावना करणे योग्य ठरणार नाही. लोक रुग्ण लपवीत आणि अखेरच्या अवस्थेतच तो रुग्णालयात पोहोचे. तेथे तो दगावला की रुग्णालयाची भीती अधिकच दृढ होई. या दुष्टचक्रात डॉक्टर हा उपचारकर्ता न राहता पकडून नेणाऱ्या यंत्रणेचा भाग ठरला. १८९७ च्या प्रारंभी मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली आणि तिच्याबरोबर रोगही गावोगाव पसरला.

पुण्यात हा संघर्ष टोकाला गेला. वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अधिपत्याखालील प्लेग समितीत लष्करी डॉक्टरही होता. प्रत्यक्ष झडतीचे काम मात्र गोऱ्या सैनिकांवर सोपविण्यात आले. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला आणि रँड ३ जुलैला मरण पावला. तत्पूर्वी सरकारी पद्धतीवर कठोर टीका करणाऱ्या टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय चालविण्यात पुढाकार घेतला होता. त्यांचा आक्षेप वैद्यकीय उपचारांना नव्हता, त्यांच्या अंमलबजावणीच्या रीतीला होता.

याच काळात पुण्यालगत हडपसरच्या बाजूस ससाणे यांच्या माळावर शुश्रूषेचा वेगळा आदर्श उभा राहिला. सैन्यात डॉक्टर असलेले यशवंत फुले हे सावित्रीबाईंच्या बोलावण्यावरून परत आले आणि तेथे त्यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. यशवंत उपचार करीत आणि सावित्रीबाई रुग्णांना आणून त्यांची सेवा करीत. मुंढवा येथील गायकवाड कुटुंबातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. या सेवेतच त्यांना प्लेगचा संसर्ग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेगवर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते, त्यामुळे हा दवाखाना रुग्णाला वैद्यकीयदृष्ट्या सरकारी रुग्णालयापेक्षा फारसे अधिक देऊ शकत नव्हता. तरीही एका ठिकाणी रुग्णाला पहाऱ्यात नेले जाई, तर दुसऱ्या ठिकाणी त्याला पाठीवर उचलून आणले जाई.

मुंबईतही हाच अनुभव आला. पारशी, खोजा, जैन, हिंदू अशा निरनिराळ्या समाजांनी स्वतःची प्लेग रुग्णालये उघडली. आपल्या माणसांच्या देखरेखीखाली उपचार होत आहेत, हे दिसताच लोक तेथे जाण्यास तयार झाले. पुढे सरकारलाही सक्ती शिथिल करावी लागली.

३. संशोधन : प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या

प्लेगविषयक संशोधनात हाफकिन यांचे नाव अग्रगण्य आहे. विशेष म्हणजे त्यांच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती. १८६० साली ओडेसा येथे जन्मलेले हाफकिन प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली होती. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एक खोली व व्हरांडा एवढीच जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या बळावर त्यांनी काम सुरू केले. पोषक रसावर तुपाचे थेंब सोडून त्यांनी प्लेगच्या जंतूंची भरघोस वाढ केली. उष्णतेने ते जंतू मारून लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी तिचा पहिला प्रयोग स्वतःवर केला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली असता, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर लसीची चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष लसीस अनुकूल ठरले. बंदिवानाची संमती कितपत मुक्त असते, हा प्रश्न आजच्या संशोधननीतीच्या दृष्टीने विचारावाच लागेल. मात्र या संशोधकाने प्रथम स्वतःच्या देहावर जोखीम घेतली होती, याचीही नोंद घेतली पाहिजे.

लस लोकांपर्यंत पोहोचविण्यासाठीही विश्वासाचीच गरज पडली. तिसरे आगाखान यांनी लोकांसमक्ष लस टोचून घेतली, त्यामुळे खोजा समाजात तिचा प्रसार झाला. उलट ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हे सर्व जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. दोष प्रयोगशाळेचा, की गावात बाटली उघडताना जमिनीवर पडलेल्या चिमट्याचा, यावर वाद झाला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढे रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि १९०७ साली ते दोषमुक्त ठरले. एका चिमट्याच्या स्वच्छतेवर संपूर्ण संशोधनाची विश्वासार्हता अवलंबून असते, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

हाफकिन यांच्याइतकी प्रसिद्धी न लाभलेले, पण चिकित्सकाच्या भूमिकेच्या दृष्टीने अधिक बोलके उदाहरण डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी (१८६१–१९३९) यांचे आहे. संतप्त जमावाने ज्या आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला, तेथेच ते प्लेगच्या रुग्णांवर उपचार करीत होते. युरोपातून आलेली प्लेगविरोधी सीरम गुणकारी आहेत काय, हे ठरविण्यासाठी त्यांनी रुग्णांना एकाआड एक या क्रमाने सीरम दिले आणि दोन्ही गटांतील मृत्यूंची तुलना केली. उपचार कोणाला द्यावयाचा हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता क्रमाने ठरविणे, ही नियंत्रित चिकित्सा-चाचणीची प्रारंभिक रीत होय. शुश्रूषा व संशोधन एकाच वॉर्डात आणि एकाच डॉक्टरच्या हातून कसे घडू शकते, हे चोक्सींच्या कार्यावरून दिसते.

रोगाच्या प्रसाराचे कोडेही रुग्णाच्या निरीक्षणातूनच सुटू लागले. फ्रेंच लष्करी डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांना काही रुग्णांच्या अंगावर बारीक फोड आढळले आणि त्यांत प्लेगचे जंतू मिळाले. हे फोड पिसवांच्या दंशाचे असावेत, असा तर्क करून त्यांनी २ जून १८९८ रोजी कराची येथे प्रयोग केला आणि एका उंदरापासून दुसऱ्या उंदराला पिसवांद्वारे रोग होतो, असे दाखविले. पुढील काही वर्षे हा निष्कर्ष उपेक्षित राहिला. मुंबईत कॅप्टन लिस्टन आणि १९०५ पासून काम करणारा प्लेग संशोधन आयोग यांनी परळच्या प्रयोगशाळेत त्याची खातरजमा केली. पिसवांच्या उडीपलीकडे टांगलेल्या पिंजऱ्यांतील प्राणी वाचत आणि जमिनीवरील प्राण्यांना रोग होई.

या शोधाचा अर्थ मागील दशकाच्या दृष्टीने अस्वस्थ करणारा होता. ज्या गटारांत औषधी पाणी सोडले गेले, तेथील उंदीर शेजारच्या घरांत शिरले असणार. ज्या माणसांना घरातून ओढून नेले, ती गाठीच्या प्लेगच्या प्रसाराचे मुख्य साधन नव्हतीच. सक्तीचा पाया असलेले ज्ञान अपुरे होते आणि अपुऱ्या ज्ञानाची अंमलबजावणी मात्र पूर्ण खात्रीने झाली होती.

समारोप

मुंबई इलाख्यातील प्लेगच्या साथीत चिकित्सकांनी तिन्ही कर्तव्ये पार पाडली, परंतु त्यांची फलश्रुती सारखी नव्हती. निदान लवकर झाले, कारण ते रुग्णांच्या सान्निध्यात असलेल्या डॉक्टरने केले. संशोधनाने लस दिली आणि रोगप्रसाराचा मार्ग उलगडला. शुश्रूषेच्या क्षेत्रात मात्र शासनयंत्रणेने डॉक्टरला बळाच्या अधीन केले. त्यामुळे लोक दवाखान्यापासून दूर गेले आणि निदान व संशोधन यांचा लाभही त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचला. ससाण्यांचा माळ, समाजांची रुग्णालये आणि आर्थर रोडचा वॉर्ड या ठिकाणी हा तुटलेला दुवा काही अंशी पुन्हा जोडला गेला.

परळची प्लेग प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईत मेट्रो चित्रपटगृहासमोर व्हिएगस यांचा पुतळा उभा आहे. १८९७ चा साथरोग प्रतिबंधक कायदा तर १२३ वर्षांनी, २०२० मधील कोविडच्या साथीतही वापरला गेला. त्या साथीतही रुग्ण लपविणे, रुग्णालयाची धास्ती आणि लसीविषयीचा संशय यांचे दर्शन घडले. कायदा रोग्याला रुग्णालयाच्या दारापर्यंत आणू शकतो. परंतु आपण होऊन लक्षणे सांगणारा, उपचार स्वीकारणारा आणि संशोधनात सहभागी होणारा रोगी कायद्याने निर्माण होत नाही. तो चिकित्सकाच्या वर्तनाने घडतो, हेच या साथीच्या इतिहासाचे सार होय.