जुन्या नोटेचं मोल

बुऱ्हाणपूरला मी गेलो होतो तो शाही किल्ला आणि त्याखालचा तापीचा घाट पाहायला. मुमताजमहल १६३१ साली वारली ती याच गावात. पण त्या खेपेला माझ्या पिशवीत एक वही होती आणि वहीच्या पानापानांत जुन्या नोटा होत्या. नोटा आमच्या थोरल्या आतेभावाच्या.

दादांना एक फोन आला होता. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट असेल तर पाच लाख देतो, असं पलीकडचा माणूस म्हणाला. आधी 'नोंदणी'चे पैसे भरा, मग 'करा'चे. दादांनी नोंदणीचे भरले, तेही पेन्शनमधून. कराचे भरायच्या आत वहिनीने मला कळवलं म्हणून पुढचं टळलं. पण दादांचं मन मानेना. "नोट तर खरी आहे ना आपली? मग कुणीतरी पाच लाख देईलच की!" त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते मिळालं बुऱ्हाणपूरला. माझ्या ओळखीचे एक कापडव्यापारी तिथे राहतात. घर मराठी, बाजारात हिंदी. गेली चाळीस वर्षं ते नोटा जमवतात. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणतो.

काकांनी आधी असीरगडाची गोष्ट काढली. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला. संभाजीराजांच्या काळात मराठ्यांनी बुऱ्हाणपूर लुटलं तो प्रसंग त्यात आहे. मार्चमध्ये असीरगडाजवळ सोन्याची नाणी सापडतात अशी आवई उठली आणि लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं उकरू लागले. काका म्हणाले, "जुनं म्हणजे मोलाचं, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. सोनं मातीतून निघालं तरी वितळवून पैसे येतात. कागदाचं तसं नसतं. कागदामागे कुणाचा तरी शब्द लागतो."

हे त्या गावाला नवं नाही. सतराव्या शतकात सुरत, बुऱ्हाणपूर, आग्रा अशा हुंड्या चालत. हुंडी वटायची ती लिहिणाऱ्याच्या पतीवर. १८६१ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने नोटा काढण्याचा हक्क स्वतःकडे घेतला, तरी सुरुवातीची नोट देशभर सारखी चालत नसे. मुलखाची मंडळं पाडली होती आणि ज्या मंडळाची नोट तिथेच ती हक्काने वटायची. पाचाची नोट १९०३ मध्ये ब्रह्मदेश सोडून सगळीकडे चालू लागली, दहाची १९१० मध्ये, शंभराची १९११ मध्ये. व्यापारी नोट मधोमध कापत, एक अर्धं टपालाने पाठवत, ते पोचल्याची खबर आली की दुसरं. काकांकडे अशी एक दहाची नोट आहे, मागून कागद लावून जोडलेली. अखंड नोटेपेक्षा तिला भाव कमी, पण काका ती विकत नाहीत.

मग त्यांनी माझी वही उघडली. आधी भिंग घेतलं, भावाची गोष्ट नंतर.

पहिला प्रश्न, नोट कुणी काढली, कधी, सही कुणाची. दुसरा, अशा किती उरल्या असतील. ट्रॅक्टरची नोट अमाप छापली गेली आणि ती आजही चलनात आहे. बँकेत पाचाची पाचच. संग्राहक कोऱ्या नोटेला किंवा वेगळ्या क्रमांकाला थोडे जास्त देईल, लाख कुणी देणार नाही. उलट पहिल्या महायुद्धात चांदीची चणचण झाली तेव्हा १९१७ च्या ३० नोव्हेंबरला सरकारने एक रुपयाची नोट काढली आणि पाठोपाठ अडीच रुपयांची. १ जानेवारी १९२६ ला त्या बंद झाल्या. ती अडीचची नोट आज संग्राहक शोधत फिरतात.

तिसरा प्रश्न अवस्थेचा. घडी किती, कोपरे शाबूत आहेत का, टाचणीची भोकं आहेत का. आपल्या बँका नोटांची बंडलं स्टेपल करीत. रिझर्व्ह बँकेने ते २००१ मध्ये थांबवायला सांगितलं, म्हणून त्याआधीच्या नोटांना भोकं असायचीच. नोट धुऊ नये, इस्त्री करू नये, चिकटपट्टी लावू नये. चौथा प्रश्न, ती खरी आहे का. आणि शेवटचा, तशी नोट खरोखर केवढ्याला विकली गेली. जाहिरातीत मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे.

वहीच्या शेवटच्या पानात साठ एस्कुदांची नोट होती. दादांनी ती "चालत नाही" म्हणून बाजूला टाकली होती. काका तिथे थांबले. १९५९ मध्ये पोर्तुगीजांनी गोव्यात रुपियाऐवजी एस्कुद आणला, एका रुपियाला सहा एस्कुद. नोटांवर बांकु नासियोनाल उल्त्रामारिनुचं नाव आणि आफोंसु द आल्बुकेर्कचं चित्र. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि या नोटांचं आयुष्य तीन वर्षांच्या आतबाहेर आटोपलं. मोठ्या रकमेच्या नोटा कुणी घरात विसरत नाही, त्या बदलून घेतल्या जातात. म्हणून हजार एस्कुदांची दुर्मिळ, साठची त्या मानाने मिळते. "दोनचार हजार येतील," काका म्हणाले, "पण इथे पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय, त्यामुळे कमी."

भिंगाखाली मी वाचलं. आतोबांच्या अक्षरात फक्त तारीख होती, १९-१२-६१.

"खोडू का?" मी विचारलं.

"मुळीच नको," काका म्हणाले. "बाजारात त्याने भाव उतरला. तुमच्या घरात चढला."

परत आल्यावर दादांना सगळं सांगितलं. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्येच लोकांना सावध केलं होतं, की जुन्या नोटांच्या व्यवहारात आपण पडत नाही, आपल्या नावाने कुणी शुल्क किंवा कमिशन मागितलं तर देऊ नका. सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली. गेलेले पैसे अजून आलेले नाहीत.

ट्रॅक्टरच्या नोटा दादांनी नातवंडांना वाटून टाकल्या. साठ एस्कुदांची मात्र त्यांनी हातात घेतली, चष्मा पुसला आणि तारीख वाचली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबांनी ही बदलून का घेतली नसेल, हे मला आज कळलं."

नोट आता पुन्हा डब्यात आहे, पण वेगळ्या पाकिटात.