नळीवरची पकड

सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात केडंबे नावाचं एक डोंगराळ गाव आहे. तुकाराम गोपाळ ओंबळे हे या गावचे. ते आधी सैन्यात होते. तिथली नोकरी पुरी झाल्यावर १९९१ साली मुंबईच्या पोलीस दलात आले आणि पुढे सहायक फौजदार झाले.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र. समुद्रावाटे आलेल्या दहा अतिरेक्यांनी मुंबईत माणसं मारायला सुरुवात केली होती. त्यांतले दोघे छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आणि कामा रुग्णालयाच्या परिसरात रक्तपात करून, बळकावलेल्या मोटारीतून निघाले. बिनतारी यंत्रावर खबर आली होती. गिरगाव चौपाटीपाशी डी. बी. मार्ग ठाण्याच्या पोलिसांनी रस्ता रोखून धरला. मोटार अडली, वळू पाहताना दुभाजकाला धडकली. चालवणारा पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. दुसऱ्याजवळ एके-४७ बंदूक होती. आणि ओंबळ्यांच्या हाती काय होतं? एक लाठी.

ओंबळ्यांनी पुढे होऊन त्या बंदुकीची नळीच धरली. गोळ्या सुटल्या, अंगात घुसल्या. पण पकड ढिली पडली नाही. तेवढ्या वेळात सोबत्यांनी झडप घालून अजमल कसाबला जिवंत पकडलं. ओंबळे मात्र गेले.

आता या काही क्षणांचं मोल पाहा. दहांपैकी नऊ हल्लेखोर मारले गेले. जिवंत सापडला तो एकटा कसाब. मेलेला माणूस बोलत नाही. कसाब सापडला, म्हणून हा कट पाकिस्तानात कसा शिजला, माणसं कुठे तयार केली, हे उघड करणारा जिवंत पुरावा हाती आला. त्याला वकील मिळाला, रीतसर खटला चालला. २०१० साली विशेष न्यायालयानं फाशीची शिक्षा दिली, २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला येरवड्यात ती अमलात आली.

सरकारनं २००९ साली ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिलं. रणांगणाबाहेरच्या शौर्याचा आपल्या देशातला हा सर्वोच्च मान.

गुरुजनहो, ही हकिकत वर्गात सांगाल तेव्हा गोळ्यांचा आकडा सांगत बसू नका. मुलांना एवढंच विचारा, की गुन्हेगार जिवंत का धरायचा? उत्तर शोधता शोधता कायद्याचं राज्य म्हणजे काय, ते त्यांना उमगेल. आणि ते राखायला केडंब्याच्या एका माणसानं काय मोजलं, तेही.