नियमात बसणारी थट्टा

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांविषयी बाहेर एक समज आहे. ही मंडळी दिवसभर पडद्याकडे बघत बसतात, हसत नाहीत, आणि हसलीच तर कशाला हसली ते दुसऱ्याला कळत नाही. यातला शेवटचा भाग बराचसा खरा आहे. त्यांचा विनोद बहुधा धंद्यातल्या कुठल्यातरी बातमीवर किंवा वादावर असतो, त्यामुळे तो कळायला थोडी पूर्वपीठिका लागते. असे काही विनोद मी बरीच वर्षे गोळा करत आलो आहे. ते एकापुढे एक लावले, की या धंद्याचा एक निराळाच इतिहास हाती येतो. कंपन्यांच्या जाहिरातींत आणि वार्षिक अहवालांत जे येत नाही, ते त्यात असते.

सुरुवात १९६८पासून करू. त्या वर्षी मार्चमध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञांचे एक पत्र ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या अमेरिकन मासिकात छापून आले. त्या काळी प्रोग्रॅममध्ये ‘गो टू’ नावाची आज्ञा सर्रास वापरत. म्हणजे, इथले काम सोड आणि अमक्या ओळीवर जा. अशा उड्या फार झाल्या, की प्रोग्रॅम कुठून कुठे जातो ते लिहिणाऱ्यालाही उमगेनासे होई. ही आज्ञा भाषेतून काढूनच टाकावी, असे डाइक्स्ट्रांचे म्हणणे. (तिला ‘घातक’ ठरवणारा पत्राचा प्रसिद्ध मथळा मात्र त्यांचा नव्हता. तो संपादक निकलाउस विर्थ यांनी दिला. संपादकांची ही सवय तुम्हां वाचकांना नवी नसावी!) झाले, प्रोग्रॅमरांमध्ये दोन तट पडले आणि वर्षानुवर्षे भांडत राहिले.

डिसेंबर १९७३मध्ये ‘डेटामेशन’ या मासिकात आर. लॉरेन्स क्लार्क यांनी अगदी गंभीर चेहऱ्याने तोडगा सुचवला. ‘गो टू’ नको ना? मग ‘कम फ्रॉम’ घ्या. ‘तिकडे जा’ म्हणायचेच नाही, ‘तिकडून इकडे ये’ म्हणायचे. आता वाचणारा ओळीमागून ओळ वाचत सरळ चालला आहे आणि अचानक, काही सूचना नसताना, तो भलतीकडेच जाऊन पडतो. का, तर त्या भलत्या ठिकाणी ‘अमक्या ओळीवरून इकडे ये’ असे लिहून ठेवले आहे! फाट्यावर पाटी नाही, पण ‘फाट्यावरची गाडी इकडे वळेल’ अशी पाटी पुढच्या गावात लावलेली, असा हा प्रकार. एक शब्द हद्दपार केला की प्रोग्रॅम आपोआप शहाणा होईल, असे ज्यांना वाटत होते त्यांना हा चिमटा चांगलाच बसला असणार.

गंमत इथे संपत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी १९७२मध्ये ‘इंटरकॅल’ नावाची एक विडंबन-भाषा रचली होती. तिच्यात पुरेशा वेळा ‘प्लीज’ म्हटले नाही तर प्रोग्रॅम उद्धट म्हणून नाकारला जातो, आणि फार वेळा म्हटले तर लाळघोटा म्हणून. एरिक रेमंड यांनी १९९०मध्ये या भाषेची नवी आवृत्ती केली, तेव्हा तीत ‘कम फ्रॉम’ खरोखर चालवून दाखवले. प्रोग्रॅमरांच्या विनोदाचा हा खास गुण आहे. तो नियमात बसतो, आणि यंत्रावर चढवला तर चालतो.

मला सर्वांत आवडतो तो मात्र १९८४चा विनोद. शीतयुद्ध चालू होते. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे ‘व्हॅक्स’ संगणक सोव्हिएत संघाला विकायला बंदी होती. नोव्हेंबर १९८३मध्ये चोरट्या मार्गाने तिकडे निघालेल्या व्हॅक्सचे भाग हॅम्बुर्ग बंदरात पकडले गेले होते आणि ती बातमी गाजली होती. इंटरनेट अजून घरोघर पोचायचे होते. विद्यापीठे आणि संशोधन संस्था यांचे संगणक बहुतांशी टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना निरोप पोचवत. त्या निरोपांच्या जाळ्याला युजनेट म्हणत.

१ एप्रिल १९८४ रोजी या जाळ्यावर एक पत्र झळकले. पाठवणाऱ्याचे नाव कॉन्स्तान्तिन चेर्नेन्को, म्हणजे सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचे त्या वेळचे सरचिटणीस. ज्या संगणकावरून पत्र आले त्याचे नाव ‘क्रेमव्हॅक्स’, म्हणजे क्रेमलिनमधला व्हॅक्स. सोव्हिएत संघ युजनेटमध्ये दाखल झाला आहे, आता आपण मोकळेपणाने चर्चा करू या, असा मजकूर. ज्यांना व्हॅक्सवरची बंदी ठाऊक होती त्यांना नावातली मेख तत्काळ कळली असेल. तरीही चांगली जाणती माणसे फसली. पत्र लिहिले होते ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित-संशोधन संस्थेतले पीट बेर्टेमा यांनी.

या थट्टेच्या पोटात काय होते ते पाहा. पोलादी पडद्याच्या आतला माणूस बाहेरच्या कोणाशीही बरोबरीने बोलू लागेल, ही कल्पना १९८४मध्ये हसण्यावारीच नेण्यासारखी होती. सहा वर्षांनी, १९९०मध्ये, मॉस्कोतल्या ‘देमोस’ या संस्थेचा संगणक खरोखरच या जाळ्याला जोडला गेला. तिथले प्रोग्रॅमर वादिम अन्तोनोव लिहू लागले, तर लोकांना वाटले की ही पुन्हा एप्रिलची टिंगल! अन्तोनोवांना जुना किस्सा पुरता माहीत होता. ‘होय, मी थापच आहे,’ असेही त्यांनी एकदा शांतपणे सांगून टाकले. पुढे त्यांनी आपल्या जाळ्याचे दार सांभाळणाऱ्या संगणकाला नावच ‘क्रेमव्हॅक्स’ असे देवविले.

ऑगस्ट १९९१मध्ये गोर्बाचेव्ह यांना नजरकैदेत टाकून कट्टरपंथी गटाने सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला. मॉस्कोच्या रस्त्यांवर रणगाडे आले, वृत्तपत्रांवर बंधने आली, दूरचित्रवाणीवर ‘स्वान लेक’ हा बॅले दाखवत राहिले. त्या तीन दिवसांत देमोसच्या लोकांनी आपले जाळे चालू ठेवले. येल्त्सिन यांची फर्माने आणि रस्त्यावरची हालहवाल देशातल्या इतर शहरांत आणि परदेशांत या वाटेनेही पोचत राहिली. हे करणाऱ्या माणसांना उद्या तुरुंग दिसण्याची पुरेपूर शक्यता होती. आणि ज्या दारातून ते निरोप जात होते, त्या दाराला नाव होते सात वर्षांपूर्वीच्या एका एप्रिल फूलचे.

आता कबुतरांकडे वळतो. इंटरनेटचे नियम ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ या नावाच्या कागदांतून ठरत आले आहेत. पहिला कागद एप्रिल १९६९चा, स्टीव्ह क्रॉकर यांचा. ते तेव्हा विद्यार्थी होते. आपण नियम ठरवणारे कोण, या संकोचाने त्यांनी ‘अभिप्राय कळवावा’ असे नम्र नाव दिले. पुढे हे कागद वेदवाक्य झाले, आणि वेदवाक्याची थट्टा करणारेही त्यांच्यातच निघाले. १ एप्रिल १९९०च्या कागदात डेव्हिड वेट्झमन यांनी कबुतरांकरवी इंटरनेट चालवण्याची रीत दिली. माहिती कागदाच्या बारीक सुरळीवर छापायची, पायाला चिकटपट्टीने बांधायची आणि पक्षी सोडायचा. नॉर्वेतल्या बर्गन शहरातील लिनक्सप्रेमींनी २८ एप्रिल २००१ रोजी ते करून पाहिले. नऊ निरोप सोडले, चार उत्तरे आली. एकेका उत्तराला सुमारे तासापासून पावणेदोन तास लागले. (आपल्याकडे ओडिशा पोलिसांची कबुतर-टपालसेवा त्या वर्षी अजून चालू होती. तिथे मात्र हे खात्याचे काम होते.)

पण खरा डंख २००९मध्ये. दक्षिण आफ्रिकेतल्या एका संगणक कंपनीतले लोक तिथल्या टेलकॉमच्या मंद इंटरनेटला कंटाळले होते. सप्टेंबरमध्ये त्यांनी विन्स्टन नावाच्या कबुतराला चार गिगाबाइट माहितीचे कार्ड बांधून हॉविकहून डर्बनच्या दिशेने सोडले, आणि तीच माहिती तारेवरूनही पाठवायला घेतली. सुमारे ऐंशी किलोमीटर अंतर विन्स्टनने एक तास आठ मिनिटांत कापले. कार्डावरची माहिती उतरवून घेण्याचा वेळ धरून एकूण दोन तास सात मिनिटे. तेवढ्यात तारेवरून गेली होती चार टक्के! हजार तक्रारअर्जांनी झाले नसते इतके नाव त्या मंद तारेचे जगभर झाले.

वायटूकेची आठवण आपल्याकडे पुष्कळांना असेल. जागा वाचवायला जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे ठेवलेले, ते दुरुस्त करायला मुंबई-पुण्यातल्या कित्येक घरांतून मुले परदेशी गेली. दोनाचे चार आकडे करण्याच्या या गदारोळात १ एप्रिल १९९९ रोजी आणखी एक कागद निघाला. चार आकडे ९९९९पर्यंतच पुरतील, पुढे काय? मग पाच आकडी, सहा आकडी, कितीही आकडी वर्षे संगणकाला क्रमाने लावता येतील अशी पद्धत त्यात दिली आहे. ती बरोबर चालते. आज भागले म्हणजे झाले, या वृत्तीला मारलेली ती कोपरखळी मला त्या काळातल्या कोणत्याही अग्रलेखापेक्षा नेमकी वाटते.

शेवटचा विनोद एका चित्राचा. रँडल मन्रो हे अमेरिकन व्यंगचित्रकार काटकुळी माणसे काढतात. त्यांच्या ऑगस्ट २०२०च्या एका चित्रात ठोकळ्यांचा उंच डोलारा आहे. तो म्हणजे आजचे सगळे संगणकविश्व. तळाशी एका बारीक ठोकळ्यावर सारा भार. तो ठोकळा नेब्रास्कातला कोणी एक अनाम माणूस वर्षानुवर्षे फुकट सांभाळतो आहे. प्रोग्रॅमर हसले, कारण तो माणूस त्यांना ओळखीचा होता. डिसेंबर २०२१मध्ये ‘लॉग-फोर-जे’ या, मूठभर स्वयंसेवक सांभाळत असलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये मोठे भगदाड सापडले आणि जगभरातल्या बँका, सरकारे, कंपन्यांची झोप उडाली. तेव्हा हा घोळ इतरांना समजावून सांगायला पुष्कळांनी तेच चित्र पुढे केले.

मार्च २०२४मध्ये तर ते अक्षरशः घडले. ‘एक्सझेड’ हा फायली आवळून लहान करणारा प्रोग्रॅम एकच थकलेला माणूस सांभाळत होता. मदतनीस म्हणून कोणी एक जण आला, दोन-अडीच वर्षे इमानेइतबारे काम करून विश्वास मिळवला, आणि मग गुपचूप चोरदार बसवले. ते सापडले आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला. दूरच्या संगणकावर प्रवेश घ्यायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागत होता, आणि तो का लागतो ते त्यांना बघायचे होते.