एच-१बी व्हिसा : अर्जांचा आकडा आणि खरी मागणी

अमेरिकेत विशेष कौशल्याच्या नोकरीसाठी परदेशी नागरिकांना दिला जाणारा एच-१बी व्हिसा १९९० च्या स्थलांतर कायद्याने अस्तित्वात आला. अर्ज उमेदवाराने नव्हे, तर त्याला नोकरी देणाऱ्या कंपनीने करावयाचा असतो. वर्षाला ६५ हजार ही मूळ मर्यादा. २००४ च्या सुधारणेने अमेरिकी विद्यापीठांच्या पदव्युत्तर पदवीधरांसाठी त्यात २० हजारांची भर पडली. मंजूर अर्जांपैकी सुमारे सत्तर टक्के भारतीयांचे असतात. साहजिकच पुण्या-मुंबईतील अनेक घरांचे अर्जांच्या आकड्यांकडे लक्ष असते. मात्र हे आकडे मागणीइतकेच नियमांचेही प्रतिबिंब असतात.

२०२० पूर्वी कंपन्यांना सोडतीआधीच सर्व कागदपत्रे व शुल्कासह पूर्ण अर्ज द्यावा लागे. त्यामुळे आकडा मुख्यतः बाजारपेठेप्रमाणे बदलत असे. एप्रिल २००७ मध्ये दोनच दिवसांत १ लाख २० हजारांहून अधिक अर्ज आले. मंदीच्या २००९ मध्ये कोटा भरण्यास डिसेंबर उजाडला.

मार्च २०२० पासून अवघ्या १० डॉलरमध्ये ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. पूर्ण अर्ज केवळ सोडतीत निवड झालेल्यांसाठीच करावयाचा होता. त्या वर्षी सुमारे २ लाख ७४ हजार नोंदण्या झाल्या. मार्च २०२३ मध्ये त्या ७ लाख ८० हजारांवर गेल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक नोंदण्या एकापेक्षा जास्त कंपन्यांनी नाव दिलेल्या उमेदवारांच्या होत्या. अशा उमेदवाराच्या नावे सोडतीत अनेक चिठ्ठ्या पडत आणि एकाच कंपनीवर विसंबलेल्याची संधी घटे.

मार्च २०२४ पासून निवड व्यक्तीनिहाय होऊ लागली. नोंदण्या ४ लाख ८० हजारांवर घसरल्या. पण प्रत्यक्ष उमेदवारांची संख्या ४ लाख ४६ हजारांवरून केवळ ४ लाख ४२ हजारांवर आली. घटल्या त्या चिठ्ठ्या. इच्छुक जवळपास तेवढेच राहिले. मार्च २०२५ मध्ये शुल्क २१५ डॉलर झाले. त्या वर्षी मात्र उमेदवारही सुमारे ३ लाख ३६ हजारांपर्यंत कमी झाले.

पुढील दोन बदल अधिक मूलगामी ठरले. सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने अमेरिकेबाहेरील उमेदवारांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची रक्कम लादली. अमेरिकेत शिकून तेथेच व्हिसाचा प्रकार बदलणाऱ्या विद्यार्थ्यांना ती लागू झाली नाही. त्यानंतर २७ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नियमाने सोडतीला वेतनस्तराची जोड दिली : चौथ्या, म्हणजे सर्वोच्च स्तरावरील उमेदवाराला चार संधी, पहिल्या स्तरावरील नवोदिताला एक.

अशा बदलांनंतर अर्ज घटले, म्हणजे अमेरिकी कंपन्यांची कुशल मनुष्यबळाची गरज घटली, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. एकूण नोंदण्यांऐवजी स्वतंत्र उमेदवारांची संख्या आणि त्या वर्षीचा नियम एकत्र पाहिल्यासच मागणीचा खरा अंदाज बांधता येतो.